दहावीच्या मुलांना स्टेजवर येऊ द्या

डिसेंबर लागला की दुपारनंतर शाळेच्या मैदानावर लेझीम सुरू व्हायची. हलगीवर पहिली थाप पडली की वरच्या मजल्यावर दहावी ‘अ’मधली सगळी डोकी एकदम खिडकीकडे वळायची, आणि मी उठून खिडक्या लावून घ्यायची. त्यातला एक दिवस काही केल्या मनातून जात नाही. फळ्यावर मी उपयोजित लेखनाचा सराव दिला होता, बातमीलेखनाचा. ‘तुमच्या शाळेत उत्साहात पार पडलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनाची बातमी तयार करा.’ मुलं खाली मान घालून लिहीत होती. ‘दीपप्रज्वलन’, ‘टाळ्यांचा कडकडाट’, ‘बहारदार नृत्ये’, सगळे शब्द जागच्या जागी. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, “बाई, आम्हाला बघायला तरी सोडणार का हो?”

सोडणार नव्हतो. गॅदरिंगच्या दोन्ही दिवशी दहावीला सराव पेपर लावले होते. कुणाच्या चुकीनं ते त्या तारखांना आले नव्हते, ठरवून आले होते.

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं दहावीची वर्गशिक्षिका होते. म्हणजे त्या खिडक्या मीच लावल्या आहेत आणि त्या वेळी मला ते कर्तव्य वाटत होतं. आज मला ती चूक वाटते, आणि हा लेख त्यासाठीच आहे. दहावीच्या मुलांना खेळ, सहल, स्नेहसंमेलन, हस्तलिखित, शाळेतली कामं यांपासून वर्षभर लांब ठेवायची जी रीत आपल्या शाळांत रुळली आहे, ती मोडायला हवी. त्या मुलांसाठी मोडायला हवी, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पाचवी ते नववीच्या पोरांसाठीही.

हे वर्ष कसं जातं ते घराघरांत ठाऊक आहे. नववीची परीक्षा संपते आणि आठवड्याभरात क्लासची व्हेकेशन बॅच सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पोरांची पहिली दोन-तीन प्रकरणं झालेली असतात. मग सकाळी जादा तास, शाळा सुटल्यावर पुन्हा तास. शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणिताचे सर दारात उभे राहून म्हणतात, “सर, आजचा तास जरा मला द्या, प्रमेय राहिलंय.” पीटीचे सर काही बोलत नाहीत. दोन आठवड्यांनी मागणं थांबतं, तास परस्पर घेतला जातो. १५ ऑगस्टच्या संचलनात पुढे नववी. चित्रकलेचा तास बंद. दिवाळीची सुट्टी निम्मी. डिसेंबरात एसटीच्या गाड्या ठरवून सहल निघते, त्यात दहावी नाही. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिकं, मग बोर्ड. मध्ये एका दुपारी निरोप समारंभ होतो. एक गुलाबाचं फूल, एक पेन, एक समोसा, आणि रडू.

एवढ्या सगळ्यातून एक दिवस कसाबसा वाचला आहे, ५ सप्टेंबर. शिक्षकदिनाला बहुतेक शाळांत दहावीची मुलं शिक्षक होतात. मुख्याध्यापक कुणी व्हायचं यावर आदल्या दिवशी भांडणं होतात. सकाळी मुली आईच्या साड्या नेसून येतात, पदराला ठिकठिकाणी पिना. मुलं वडिलांचा शर्ट खोचून येतात, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

एका वर्षी आमच्या वर्गात एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, गणिताच्या दोन घटक चाचण्यांत नापास झालेला. त्याला कुणी विषय देईना. शेवटी पाचवी ‘ब’चा परिसर अभ्यास त्याच्या वाट्याला आला. तास सुरू झाला तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. त्यानं घरून पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या कापून, बुडाला भोकं पाडून आणल्या होत्या. एकीत वाळू, एकीत काळी माती, एकीत मुरूम. तिन्हींत एकेक पेला पाणी ओतलं आणि म्हणाला, “आता कुठल्या बाटलीतनं पयलं पाणी गळंल? हात वर करून सांगायचं.” पोरं बाकावर उभी राहिली. वाळूतनं पाणी लगेच आलं. काळ्या मातीतनं येईच ना. तो म्हणाला, “म्हणून आमच्या वरच्या रानाला दर चार दिवसानं पाणी लागतं आणि खालच्याला लागत नाही. खालचं रान काळं हाय.” इतक्यात मागच्या बाकावर एक लहानगा मुसमुसायला लागला, कुणीतरी त्याची पेन्सिल घेतली होती. यानं बोलणं थांबवलं, खिशातलं स्वतःचं पेन काढून त्या पोराच्या हातात दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा बाटल्यांकडे आला.

तास संपल्यावर तो शिक्षकखोलीच्या दारात आला. घामाघूम. “बाई, पोरं ऐकतच नाहीत ओ. घसा बसला माझा. तुम्ही रोज कसं करता?”

गणितात नापास होणारा मुलगा त्या पस्तीस मिनिटांत प्रयोग मांडत होता, घरचं रान आणि पुस्तक जोडत होता, वर्ग सांभाळत होता, रडणारं पोर शांत करत होता. यातलं एकही काम मी त्याला शिकवलं नव्हतं. ते त्याच्यात होतं, आणि ते बाहेर यायला त्याच्यापुढे त्याच्याहून लहान पोरं असावी लागली.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. मूल पाचवीत हायस्कुलात येतं तेव्हा ते तिथलं सर्वांत लहान असतं. जिन्यात मोठी पोरं ढकलतात, नळावर मागे राहावं लागतं, मैदान वाट्याला येत नाही. वर्षाला एक पायरी चढत ते दहावीत पोचतं आणि सर्वांत मोठं होतं. अकरावीत गेलं की कॉलेजात पुन्हा सर्वांत लहान. पुढच्या वर्षी बारावी, तिथं बोर्ड आणि वर सीईटी-नीट. म्हणजे शाळेच्या सगळ्या आयुष्यात ‘आपण इथले मोठे आहोत, लहानग्यांनी आपल्याकडे बघून चालायचं आहे’ असं वाटण्याचं वर्ष बहुतेक मुलांना एकच मिळतं, आणि नेमकं तेच आपण वर्गात कोंडून संपवतो. पंधरा-सोळा वर्षांचं मूल जबाबदार होत नाही अशी तक्रार घराघरांत ऐकते. जबाबदारी टाकली कधी?

दुसरं नुकसान मागच्या पोरांचं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लेझमीचं बघा. लेझीम पीटीचे सर शिकवतात हे अर्धंच खरं आहे. सर शिट्टी देतात, ताल देतात, रांगा लावतात. बसून उठतानाचा हात कसा घ्यायचा, साखळी हलक्या हातानं कशी वाजवायची, मनगट कुठं मोडायचं, हे शेजारी उभं राहून दहावीतला दादा आठवीतल्याला शिकवतो. खो-खोत पोल मारायचा तर आधी मोठ्या पोरांना मारताना बघावं लागतं, गुडघे फुटावे लागतात, आणि ‘आधी पाय नको उचलू रे’ असं सांगणारं कुणी असावं लागतं. आमच्या शाळेत दहावी मैदानातून बाद झाल्यावर पाच-सहा वर्षांत लेझमीचे निम्मे हात गेले. नववीला जेवढं दिसलं तेवढं नववीनं आठवीला दिलं, आठवीनं त्यातलं थोडं उचललं. शाळेच्या दप्तरात लेझमीच्या जोड्या आहेत, पितळी चकत्याही शाबूत आहेत. हात गेले.

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. त्यातला १७चा गट हायस्कुलाचा मुख्य गट, नववी-दहावीचा. त्यातून दहावी काढली की राहतो अर्धा संघ. तालुक्याला तो पहिल्याच फेरीत हरून येतो आणि शाळेत सगळे म्हणतात, आपल्या पोरांत दम नाही.

हस्तलिखिताचंही तेच झालं. आमच्या शाळेत पूर्वी दर वर्षी एक हस्तलिखित निघायचं. कव्हर चित्रकलेच्या सरांच्या देखरेखीखाली दहावीची मुलं करायची, सुवाच्य अक्षराची पोरं निवडून कविता-गोष्टी उतरवून घ्यायची, शुद्धलेखन तपासायचं काम दोन-तीन जणांकडे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, हातानं. आपल्याकडच्या शाळांत हस्तलिखिताची जी आवड होती तिच्यामागे असे शिक्षक होते. संपादक होणं म्हणजे काय हे मुलाला तिथं कळतं. मैत्रिणीची कविता बरी नाही हे तिला तोंडावर सांगायचं आणि मैत्रीही टिकवायची, हे मी पंधरा वर्षांच्या मुलींना करताना पाहिलं आहे. व्याकरणाच्या गुणांसाठी विरामचिन्हं घोकणाऱ्या मुली हस्तलिखिताच्या टेबलावर एका स्वल्पविरामावरून दहा मिनिटं वाद घालत. आता ते काम नववीकडे गेलं, मग आठवीकडे, मग बंद पडलं.

आता मार्कांकडे येते, कारण सगळा युक्तिवाद तिथं येऊन थांबतो. ‘बाई, तुमचं खरं आहे, पण दहावीचे मार्क आयुष्यभर पुरतात.’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्या वेळा ऐकलं आणि स्वतःही इतक्या वेळा म्हटलं की ते तपासून बघायचं राहूनच गेलं.

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत पोरांच्या बुद्धीत एवढी ओहोटी-भरती आली नव्हती. २०१९ला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस-वीस गुण बंद केले होते. ओरड झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. वीस गुण कुठं ठेवायचे या एका निर्णयावर निकाल एवढा खालीवर होतो. ज्या आकड्यासाठी आपण पोराचं अख्खं वर्ष गहाण ठेवतो, तो आकडा इतका हलता आहे हे पालकांना कुणी समजावून सांगत नाही. २०२५ मध्ये साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं दहावी पास झाली, त्यातल्या २११ जणांना शंभर टक्के होते. नव्वद टक्क्यांना आता घरात कुणी पेढे वाटत नाही. आणि अकरावीला राज्यात पास होणाऱ्या मुलांपेक्षा जागा कितीतरी जास्त आहेत. ठरावीक शहरांतल्या ठरावीक कॉलेजांत चढाओढ आहे हे मान्य. पण ती काही हजार मुलांची चढाओढ आहे, आणि तिच्या भीतीनं आपण पंधरा लाख मुलांचं वर्ष आखतो.

२०२१ची बॅच तर मी जवळून पाहिली. शाळा बंद, मोबाइलवर तास, आणि शेवटी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या आणि अंतर्गत गुणांवर निकाल लागला, ९९.९५ टक्के. अकरावीसाठी ठेवलेली सीईटी मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केली. म्हणजे ज्या परीक्षेसाठी जीव टाकायचा ती परीक्षा या मुलांनी दिलीच नाही. ती मुलं अकरावीत गेली, बारावी झाली, कुणी डिप्लोमाला गेलं, कुणी नर्सिंगला, कुणी शेतीत. अजून बाजारात भेटतात. परीक्षा झाली नाही याची हळहळ त्यांच्यातल्या एकानंही माझ्याजवळ बोलून दाखवलेली नाही. एक मुलगी मात्र भाजीच्या पाटीशेजारी उभी राहून म्हणाली होती, “बाई, आमचा निरोप समारंभ राहिलाच. आणि आम्ही टीचर पण झालो नाही.” तिनं नववीतच आईची मोरपंखी साडी त्या दिवसासाठी ठरवून ठेवली होती.

वेळेचा हिशोबही मी एकदा मांडून पाहिला. आठवड्याला शारीरिक शिक्षणाचे दोन तास, पस्तीस मिनिटांचे. जून ते जानेवारी सुट्ट्या वजा करून साधारण २८ आठवडे धरले तर ३३ तासांच्या आत-बाहेर होतात. गॅदरिंगचा सराव पंधरा दिवस, रोज दीड तास, म्हणजे साडेबावीस. दोन दिवसांचा कार्यक्रम, एका दिवसाची सहल. सगळं मिळून वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी तास. पूर्ण वर्षात एवढंच आपण पोरांकडून काढून घेतो. आणि काढून घेतलेल्या वेळात अभ्यास होतो का, तर पाचव्या जादा तासाला पोरांचे डोळे कसे होतात ते मी समोर बसून पाहिलं आहे. उघडे असतात, पण आत काही जात नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास घाम निघेल अशी हालचाल सांगते. आपल्या दहावीच्या पोराची हालचाल म्हणजे क्लासचा जिना.

इथं एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. एका पालकांनी मला सुनावलं होतं, “बाई, तुमच्या पोरांना चालंल. आमच्या पोराला हीच एक संधी हाय. पास झाला तर ऊसतोडीला जाणार नाही.” त्यांच्यापुढे मी गप्प बसले. ते म्हणत होते ते खरं होतं, आजही आहे. गरिबाच्या पोराला दहावीचं प्रमाणपत्र लागतं आणि शाळेनं ते मिळवून द्यायलाच हवं. पण त्याच रात्री मला उलट बाजूही दिसली. शाळेनं खेळ बंद केला तर बँकेतल्या साहेबांच्या मुलाचं काय जातं? तो संध्याकाळी टर्फवर जातो, मुलगी कथकला जाते, सुट्टीत सगळे समुद्रावर जातात. ऊसतोड मजुराच्या मुलाला मैदान शाळेचं, ढोल शाळेचा, माइक शाळेचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा रायगड दिसला तर तो शाळेच्या सहलीत. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते ती याच पोरांसाठी. शाळा ज्याचं सर्वस्व आहे त्याचंच सर्वांत जास्त आपण काढून घेतो, आणि ते त्याच्या भल्याचं नाव घेऊन.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच जिल्ह्यात गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत रयत शिक्षण संस्था १९१९ साली उभी राहिली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, राबायची आणि शिकायची. राबण्यात अभ्यास बुडतो असं भाऊरावांना वाटलं नाही. त्या पोरांपेक्षा आजच्या गरीब पोराला वेळ कमी आहे, असं मानायला मी तयार नाही.

आता एक कडू गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवर श्रेणीचे विषय असतात. आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्व-विकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र असे. कागदावर हे विषय आहेत, त्यांची पुस्तकं आहेत, वेळापत्रकात तास आहेत. मी जिथं काम केलं तिथं जानेवारीत एका बैठकीत सगळ्यांच्या श्रेणी भरल्या जायच्या. न झालेल्या तासांच्या. मुलं एका वहीवरून दुसऱ्या वहीत कार्यपुस्तिका उतरवून काढायची. कलारसास्वादाच्या वहीत ‘मी पाहिलेले नाटक’ लिहायचं होतं. ज्या पोरानं नाटक पाहिलेलं नाही, ज्याला शाळेच्या नाटुकल्यातही आपण उभं राहू दिलं नाही, तो शेजाऱ्याचं नाटक उतरवत होता आणि मी लाल पेनानं ‘अ’ लिहीत होते. मुलांना सगळं कळतं. सरकारी कागदावर खोटं कसं लिहायचं याचा पहिला धडा त्यांना आम्ही दिला, आणि हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

धोरणं काय म्हणतात ते सांगून फार उपयोग नाही, पण नोंद असावी. ‘ओझ्याविना शिक्षण’ हा यशपाल समितीचा अहवाल १९९३ सालचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत कडक भिंती नसाव्यात. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान असलं पाहिजे आणि शंभरावर मुलं असतील तर सहावी ते आठवीसाठी कला, क्रीडा, कार्यानुभवाचे अंशकालीन शिक्षक असले पाहिजेत अशी अट आहे. पण तो कायदा आठवीशी संपतो. नववी-दहावीच्या मैदानाला कायद्याचा आधार उरत नाही, तिथं फक्त मुख्याध्यापकांचं मन असतं.

आणि मुख्याध्यापकांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. जूनमध्ये गावाच्या चौकात शेजारच्या शाळेचा फ्लेक्स लागतो, ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. पटसंख्या घटली तर तुकडी जाते, तुकडी गेली तर शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या गावी जावं लागतं. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर ही टांगती तलवार असते. आमच्या एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, “बाई, गॅदरिंगमुळे दोन पोरं नापास झाली असं कुणी म्हटलं तर माझ्या बाजूनं कोण उभं राहणार?” मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. पालकांनी उभं राहायला हवं, आणि निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या शिक्षकांनी. ज्यांना आता बोलून काही गमवायचं नाही त्यांनी तरी बोलावं.

करता येण्यासारखं आहे का? आहे, कारण आम्ही दोन वर्षं केलं. स्नेहसंमेलन जानेवारीच्या तोंडावर न घेता नोव्हेंबरच्या शेवटी घेतलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, म्हणजे पूर्वपरीक्षेला दीड-दोन महिने राहत होते. दहावीच्या सगळ्यांना नाचायचं नव्हतं, तशी गरजही नव्हती. आम्ही त्यांच्याकडे कार्यक्रम सोपवला. सूत्रसंचालन, पडदा, माइक, पाहुण्यांचं पत्र, आठवीच्या नाटुकल्याचं दिग्दर्शन, पाचवीच्या मुलींच्या वेण्या, कार्यक्रमानंतर मैदानावरचे कागद उचलणं. पडदा ओढायला एक मुलगा होता. तो सरावाला रोज अर्धा तास आधी यायचा आणि दोरीला साबण लावायचा, अडकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. जनरेटर येईपर्यंत वीस मिनिटं काळोख होता, हजारभर माणूस मैदानावर. मी घाबरले होते. दहावीच्या चार पोरींनी स्टेजवर उभं राहून, माइक नसताना, शाळेची प्रार्थना सुरू केली. पाचवीची पोरं त्यांच्यामागून म्हणायला लागली, मग सगळं मैदान. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

निकाल त्या दोन्ही वर्षी नेहमीसारखाच लागला. दोन वर्षांवरून सिद्धांत मांडता येत नाही आणि मी मांडणार नाही. एवढंच सांगते की ज्या आपत्तीची भीती घातली जात होती ती आली नाही. पुढे मुख्याध्यापक बदलले, तारीख पुन्हा जानेवारीत गेली, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या पुन्हा लागल्या.

खेळाडूंना आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे, पण त्यानं एक वाईट सवयही लागली. ‘इंटरमीजिएट देऊन टाक, गुण मिळतात’ म्हणून मूल ब्रश हातात घेतं आणि प्रमाणपत्र आलं की ठेवून देतं. लेझमीला गुण नाहीत, पडद्याच्या दोरीला नाहीत, रडणाऱ्या पाचवीच्या पोराला पेन देण्याला तर नाहीतच. गुण द्या अशी मागणी मी करणार नाही. गुण दिले की त्याचीही व्हेकेशन बॅच निघेल. माझी मागणी एवढीच आहे की वेळापत्रकात जे तास छापले आहेत ते व्हावेत, गॅदरिंगची तारीख दहावीला सोयीची पडेल अशी धरावी, सहलीत एक गाडी दहावीची असावी, आणि शाळेतली मोठी कामं शाळेतल्या मोठ्या मुलांकडे असावीत.

ज्यांचं मूल यंदा दहावीत आहे त्यांच्याकडे माझं एक काम आहे. जूनच्या पहिल्या पालकसभेत वेळापत्रकाचा कागद मिळतो. त्यात ‘शा. शि.’ लिहिलेल्या चौकटी कुठल्या वारी आहेत ते पाहून ठेवा. टक्के किती पडतील हे सभेत सगळेच विचारतात. तुम्ही एवढंच विचारा की गॅदरिंग कधी आहे आणि त्यात दहावीकडे काय आहे. आणि सप्टेंबरात, त्या वारी मूल घरी आलं की जेवायला वाढताना त्याच्या बुटांकडे एकदा बघा, मैदानाची माती लागलीय का.